ही कमेंट कोणी लपवली?

प्रति,
महाराष्ट्रातील २९ महापालिकांचे आयुक्त

विषय : महापालिकेच्या फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स व यूट्यूब खात्यांवरील नागरिकांच्या कमेंटबाबत



विषयाची ओळ मुद्दाम सरकारी वळणाची लिहिली आहे, कारण हा विषय सरकारी दप्तरात सहसा सापडत नाही, हीच माझी पहिली तक्रार आहे. झाड तोडायचं तर परवानगी कोणी द्यायची, रस्ता खोदायचा तर शुल्क किती घ्यायचं, फेरीवाल्याचा माल उचलला तर पंचनामा कसा करायचा, या सगळ्याला नियम आहे. नियमाखाली पोटनियम आहे, आणि खाली सही करणारा अधिकारी आहे. नागरिकाने महापालिकेच्या पानावर लिहिलेली कमेंट दिसेनाशी करायची असेल तर मात्र ना टिपणी लागते ना सही. एक बोट पुरतं.

मी कामाची बरीच वर्षं एका मराठी दैनिकात ‘वाचकांची पत्रे’ हे सदर सांभाळलं. लोकांनी लिहिलेलं काय छापायचं आणि काय नाही, हे ठरवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता. त्यामुळे ‘सगळं राहू द्या, लोकशाही आहे’ असा भाबडा आग्रह धरायला मी आलेलो नाही. मी पत्रं कापली आहेत, निम्म्यावर आणली आहेत, टोपलीतही टाकली आहेत. पण निवड कोणाची, हे अंकाच्या शेवटच्या पानावर तळाला रोज बारीक टाइपात छापलेलं असे : पीआरबी कायद्यानुसार मजकुराच्या निवडीची जबाबदारी अमुक यांची. १८६७ च्या त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे, तो भाग वेगळा. पत्र छापून न आल्याने संतापलेला माणूस जिना चढून वर यायचा, तेव्हा कोणाच्या टेबलापुढे जाऊन भांडायचं हे त्याला ठाऊक असायचं. तुमच्या पानावरून गायब झालेला माणूस कोणाच्या टेबलापुढे जाईल?

हा प्रश्न आताच का, तर मागची काही वर्षं आठवून पाहा. नवी मुंबईत आणि तेव्हाच्या औरंगाबादेत नगरसेवकांची मुदत २०२० च्या उन्हाळ्यात संपली. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर इथे ती २०२२ च्या मार्चमध्ये संपली. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत या शहरांचा कारभार प्रशासक म्हणून तुम्ही किंवा तुमच्या आधीच्यांनी पाहिला. एरवी पाणी आलं नाही की सकाळी सातला नगरसेवकाच्या दारात चपलांची रांग लागायची. ते दार बंद झालं. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, प्रभाग समितीत आवाज चढवणारं कोणी नाही. माणसं मग कुठे गेली? आयुक्तांच्या वृक्षारोपणाच्या फोटोखाली गेली. ‘मा. आयुक्तांच्या शुभहस्ते’ अशा ओळीखाली ‘आमच्या गल्लीत चार दिवस नळाला पाणी नाही’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेलच. त्या काळात शहराची सर्वसाधारण सभा म्हणायची तर तीच होती. नगरसेवक आता परत आले आहेत, पण लोकांना लागलेली सवय परत जाणार नाही, आणि ती जाऊही नये.

आता लपवण्याच्या तंत्राबद्दल. हे तुम्हाला तुमच्या समाजमाध्यम कक्षाने सांगितलं आहे का, याची मला शंका आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. फेसबुकच्या पानावरची कमेंट काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक डिलीट, दुसरा हाइड. डिलीट केलेली कमेंट सगळ्यांसाठी जाते, लिहिणाऱ्याला ती दिसत नाही, त्याला कळतं, तो ओरडतो. हाइड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला दिसत राहते. त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांनाही दिसते. उरलेल्या जगाला ती दिसत नाही. लिहिणाऱ्याला कोणताही निरोप जात नाही. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तुंबलेल्या गटाराबद्दल एका महापालिकेच्या (नाव घेत नाही) पोस्टखाली लिहिलं. कुणी उत्तर का देत नाही म्हणून त्या रोज उघडून बघत होत्या. त्यांच्या फोनवर कमेंट होती, त्यांच्या मुलाच्या फोनवरही होती. माझ्या फोनवर नव्हती, कारण मी फेसबुकवर त्यांचा मित्र नाही. बाईंची भाषा शाळेत शोभेल अशीच होती. एक शिवी नाही, एक उद्गारचिन्ह नाही. फोटो मात्र होता, आणि फोटोत गटाराशेजारी ‘स्वच्छ शहर, सुंदर शहर’ असा फलक होता.

मी टोपलीत टाकलेलं पत्र छापून आलेलं नाही, हे लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचा अंक उघडला की कळायचं. इथे त्याला एकट्यापुरता छापलेला अंक दिला जातो. कमेंट काढून टाकण्यापेक्षा हा प्रकार मला जास्त लबाडीचा वाटतो, आणि खासगी कंपनीने तो केला तरी एक वेळ सोडून देईन, पण माथ्यावर महापालिकेचं बोधचिन्ह लावलेल्या पानावर तो चालू नये. एक्सवर निदान इतकं तरी आहे की लपवलेली उत्तरं वेगळ्या कप्प्यात जातात आणि हवं त्याला ती उघडून पाहता येतात. फेसबुकवर तशी खूणही राहत नाही.

बहुतेक वेळा अशी कमेंट का लपवली जाते? ‘महापालिकेची बदनामी होते’ म्हणून. हे कारण तोंडी दिलं जातं, कागदावर कोणी देत नाही, आणि देणारही नाही, कारण ते कायद्यात बसत नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात निकाल दिला. प्रकरण ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाचं आणि ऑटो शंकर नावाच्या कैद्याच्या आत्मचरित्राचं होतं. त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासकीय सत्ता वापरणाऱ्या इतर संस्थांना बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. अधिकारी म्हणून तुमच्या व्यक्तिगत अब्रूचा प्रश्न वेगळा; ‘अमुक अभियंत्याने इतके पैसे खाल्ले’ असं नाव घेऊन लिहिणाऱ्याला पुरावा मागता येतो. पण ‘महापालिका झोपली आहे’, ‘ठेकेदारांचं राज्य आहे’, ‘टॅक्स घेता आणि खड्डे देता’ या वाक्यांनी महापालिका नावाच्या संस्थेची कायद्याच्या अर्थाने बदनामी होत नाही. जिला दावा लावता येत नाही तिने गुपचूप शिक्षा तरी का द्यावी?

टीकेवर चिडण्याचा हा प्रकार मुंबईकरांनी एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. जुलै २०१७ मध्ये आरजे मलिष्काने त्या वेळी घराघरांत वाजणाऱ्या ‘सोनू’ गाण्याच्या चालीवर खड्डे, लोकल आणि तुंबलेलं पाणी यांवर विडंबन केलं. गाणं कडू नव्हतं, खट्याळ होतं. त्यावर काही नगरसेवकांनी ५०० कोटींच्या मानहानीच्या दाव्याची मागणी केली, आणि त्याच आठवड्यात तिच्या घरी डेंगीच्या डासांच्या अळ्या सापडल्याची पालिकेची नोटीस गेली. योगायोग असेलही, पावसाळ्यात अळ्या कुणाच्याही कुंडीत सापडतात. पण ज्याने गाणं ऐकलं नव्हतं त्यानेही नोटिशीची बातमी वाचून ते शोधून ऐकलं. पत्रांच्या सदरात आम्हाला हे फार लवकर कळायचं : रोखून धरलेलं पत्र दुसऱ्या पेपरात चौकटीत छापून यायचं.

‘पण हे खोटं आहे, दिशाभूल करणारं आहे’ हे दुसरं कारण दिलं जातं. ते पहिल्याइतकं पोकळ नाही, पण त्यातही एक खोच आहे. २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून स्वतःच्या कारभाराविषयीची कोणती माहिती बनावट, खोटी किंवा भ्रामक, हे ठरवायला सरकारी तथ्यतपासणी कक्षाची तरतूद केली. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मतं विभागली, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. स्वतःच्या कारभाराबद्दलच्या विधानाचा खरेपणा सरकारने स्वतःच ठरवायचा, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. मग केंद्र सरकारला जे जमलं नाही ते महापालिकेच्या जनसंपर्क कक्षातल्या कंत्राटी मुलाने रात्री साडेअकराला कसं करायचं? ‘तुमच्या टाकीत मेलेली घूस सापडली’ असं कोणी खोटं लिहिलं, तर खाली टाकी साफ केल्याची तारीख आणि पाणी तपासणीचा अहवाल लिहा. कमेंटही राहू द्या. वाचणारा दोन्ही वाचेल.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पोर्ट ह्युरॉन नावाचं लहानसं शहर आहे. तिथले सिटी मॅनेजर जेम्स फ्रीड हे जवळजवळ तुमच्यासारखेच, म्हणजे निवडून आलेले नाहीत, नेमलेले प्रशासक. त्यांच्या फेसबुक पानावर मुलीचे फोटोही असायचे आणि शहराचे निर्णयही. कोविडच्या काळात एका नागरिकाने शहराच्या कारभारावर टीका केली, फ्रीड यांनी त्या कमेंट काढल्या, नंतर त्याला ब्लॉक केलं. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने एकमताने कसोटी सांगितली : त्या अधिकाऱ्याला सरकारच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये तो अधिकार वापरत असल्याचं तो दाखवत होता का. दोन्ही असतील तर टीकाकाराला हाकलणं ही खासगी बाब राहत नाही. शिवाय न्यायालयाने हेही दाखवून दिलं की ब्लॉक हे बोथट हत्यार आहे. कमेंट काढली तर एका पोस्टचा प्रश्न. माणूस ब्लॉक केला तर पानावरच्या सगळ्याच पोस्टपासून तो तुटतो, त्यांत सरकारी पोस्टही आल्या. अमेरिकेचा कायदा आपल्याला बंधनकारक नाही. पण तुमच्यापैकी जे स्वतःच्या नावाच्या खात्यावरून सकाळी धावण्याचा फोटो आणि दुपारी पाणीकपातीचं वेळापत्रक टाकतात, त्यांनी हा निकाल एकदा वाचावा. पाणीकपात एखाद्याला कळू नये एवढा त्याचा गुन्हा मोठा असतो का?

दुसऱ्या टोकालाही धोका आहे, आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. फ्रान्समध्ये ज्युलियाँ सांचेझ या राजकारण्याच्या फेसबुक भिंतीवर २०११ मध्ये दुसऱ्यांनीच मुसलमानांविरुद्ध द्वेषाच्या कमेंट लिहिल्या. त्याने त्या वेळेत काढल्या नाहीत म्हणून त्याला दंड झाला, आणि २०२३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो दंड कायम ठेवला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तर बातमीखाली वाचकांनी लिहिलेल्या बदनामीकारक कमेंटसाठी वृत्तमाध्यमांना ‘प्रकाशक’ मानलं. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी वेगळ्या बाबतीत उलट दिशा दाखवली : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. म्हणजे काढलं तरी प्रश्न आणि ठेवलं तरी प्रश्न, इकडे आड तिकडे विहीर. लेखी नियमाची गरज त्यासाठीच आहे. मनाला येईल तसं हाइड करणाऱ्याला यांपैकी कुठल्याही न्यायालयासमोर सांगण्यासारखं काही नसतं.

काय काढायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात संदिग्धता नाही. जातीवरून शिवीगाळ, धर्मावरून चिथावणी, स्त्री अधिकाऱ्याच्या किंवा नगरसेविकेच्या शरीरावरची घाण, मारण्याच्या धमक्या : हे ताबडतोब काढा, स्क्रीनशॉट जपून ठेवा, गरज असेल तिथे पोलिसांकडे द्या. सणासुदीला, मिरवणुकीच्या दिवशी ‘अमुक ठिकाणी दगडफेक झाली’ असं लिहिलेलं असेल आणि तुमच्या नियंत्रण कक्षाला तसं काही कळलेलं नसेल, तर तेही. इथे मिनिटं मोजावी लागतात.

पण एका गोष्टीकडे फारच कमी लक्ष जातं, आणि नागरिकांचं खरं नुकसान तिथेच होतं. बाबारे, मालमत्ता कर भरला तरी नोटीस आली, असं लिहिताना भोळी माणसं स्वतःचा मालमत्ता क्रमांक, मोबाइल क्रमांक, कधी आधार कार्डाचा फोटो, घराचा पत्ता सगळं कमेंटमध्ये टाकतात. महापालिकेच्या पोस्टखाली याचीच वाट पाहत बसलेलेही असतात. ‘ग्राहक सेवा केंद्र’ असं नाव आणि महापालिकेचंच बोधचिन्ह लावलेलं खातं अर्ध्या तासात त्या माणसाला उत्तर देतं : सर, आपली तक्रार सोडवण्यासाठी या नंबरवर फोन करा. पुढे ओटीपी, मग खातं रिकामं. ही तोतया उत्तरं तुमच्या पानावर उभी असतात आणि गटाराचा फोटो मात्र लपलेला असतो, हा उलटा न्याय आहे. वैयक्तिक माहिती असलेली कमेंट लपवा, पण लिहिणाऱ्याला सांगा : ‘आपला क्रमांक उघड दिसत होता म्हणून कमेंट झाकली आहे, क्रमांक काढून पुन्हा लिहा.’ वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला तो कशासाठी? आणि तोतयाची कमेंट तर डिलीट करा, रिपोर्ट करा, खाली लाल अक्षरांत लिहा की महापालिका कधीही ओटीपी मागत नाही.

मग येतात शब्दांच्या चाळण्या. फेसबुकच्या पानाला काही शब्दांची यादी दिली की ते शब्द असलेली कमेंट आपोआप झाकली जाते. रात्री माणूस बसवण्यापेक्षा हे स्वस्त, म्हणून सगळ्यांना आवडतं. मात्र महापालिकेचं काम हेच मुळात शिव्यांच्या शब्दांशी आहे. कुत्रा, डुक्कर, गाढव, चोर, मुतारी. भटक्या कुत्र्यांची तक्रार ‘कुत्रा’ न लिहिता कशी करायची? उकिरड्यावरच्या डुकरांना काय म्हणायचं? पाणी चोरणाऱ्याला? ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द तर शासनाने स्वतः भिंती-भिंतींवर रंगवून घेतला. चाळणी कडक लावली तर सरकारी अभियानाचं नावही तीत अडकेल. उलट खरी शिवी रोमन लिपीत, मधे एक तारा किंवा आकडा घालून, सहज पार होते. शिव्या देणाऱ्यांना युक्त्या ठाऊक असतात. सरळ लिहिणाऱ्यांना नसतात. यादी ठेवायचीच तर छोटी ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी एखाद्या माणसाने तीत अडकलेलं सगळं वाचावं.

‘विषयाला सोडून’ हा शेरा मला सर्वांत घातक वाटतो. इतर संस्थांच्या नियमावलीत हे कलम हमखास असतं आणि ते उचलून इथे चिकटवलं जातं. पत्रांच्या सदरात एका लेखावर आलेल्या पत्रात दुसऱ्याच विषयावर लिहिलं असेल तर मी ते बाजूला ठेवायचो, कारण दुसऱ्या दिवशी दुसरी जागा होती. नागरिकाला मात्र महापालिका कुठे भेटेल याची निवड नाही. विभाग कार्यालयाचा फोन उचलला जात नाही, ऑनलाइन तक्रारीला ‘निकाली काढली’ असा शिक्का पडतो, आणि मग त्याच्या फोनवर आयुक्तांचा गुढीपाडव्याच्या शुभेच्छांचा फोटो येतो. तो तिथेच लिहिणार. महापालिकेच्या पानावर पाणी, रस्ता, कचरा, दिवे हे कधीच विषयाला सोडून नसतात. शुभेच्छाच विषयाला सोडून असतात, असं म्हणायला हरकत नाही.

त्याला चिकटून ‘स्पॅम’चा प्रश्न. एकाच इमारतीतल्या चाळीस जणांनी एकाच दिवशी एकच मजकूर चिकटवला, की यंत्र आणि घाईतला कर्मचारी दोघेही तो स्पॅम समजतात. पण चाळीस वेगवेगळ्या माणसांनी एकदा लिहिलेला एकच मजकूर म्हणजे चाळीस सह्यांचं निवेदन आहे, ते तुम्ही शिपायाकडून आवक क्रमांक टाकून घेतलं असतं. एकाच खात्याने चाळीस पोस्टखाली तीच जाहिरात चिकटवली, तर तो कचरा. मोजायची ती माणसं, मजकूर नव्हे. निवडणुका जवळ आल्या की पक्षांच्या आयटी सेलची नवी कोरी खाती एकाच वेळी उगवतात, ती ओळखणं अवघड असतं, मान्य. पण त्या गर्दीच्या नावाखाली खऱ्या गल्लीतली खरी माणसंही झाकली जातात.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांवरही तुमच्या कक्षाचा राग असतो. ‘नाव लपवून लिहितो, मग आम्ही का ऐकायचं?’ माझ्या टेबलावरून नाव-पत्ता नसलेलं पत्र पुढे जायचंच नाही. पण नाव न छापण्याची विनंती करणारी पत्रं मात्र खूप छापली. तो माणूस बहुधा कुठल्या तरी कार्यालयात नोकरीला असायचा. आपल्या भाषेतली या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध पत्रं १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या सहीने छापली गेली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख त्या वेळी इंग्रज सरकारच्याच नोकरीत होते. महापालिकेतला एखादा मुकादम बनावट नावाने सांगतो की अमुक वॉर्डात झाडूवाल्यांची हजेरी कागदावरच लागते, तेव्हा त्याच्या नावाची चौकशी करण्याआधी हजेरीची करा.

आणि कृपा करून पोलिसांची भीती घालू नका. पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये एका तरुणीला फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल आणि तिच्या मैत्रिणीला त्या ‘लाइक’ केल्याबद्दल अटक झाली होती. त्यातून सुरू झालेल्या लढाईत मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. तरीही ‘आपल्यावर सायबर गुन्हा दाखल होऊ शकतो’ असं उत्तर रस्त्यावरच्या खड्ड्याच्या तक्रारीखाली लिहिलेलं मी पाहिलं आहे. कुठल्या कलमाखाली, ते लिहिलेलं नव्हतं.

उत्तराचं बोलायचं तर रेल्वेचं उदाहरण घ्या. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना धावत्या गाडीतून ट्विट केलं की पुढच्या स्टेशनवर मुलासाठी दूध किंवा औषध आल्याच्या बातम्या आपण वाचल्या. सगळ्यांना दूध मिळालं नसेल. पण तक्रार उघड्यावर आली आणि उत्तरही उघड्यावर आलं, म्हणून डब्यातल्या बाकीच्यांनाही कळलं की असं विचारता येतं. मुंबई महापालिकेने प्रत्येक विभाग कार्यालयाला, ए पासून टी पर्यंत, एक्सवर वेगळं खातं दिलं, हेही शहाणपणाचं होतं. पण आजकाल बहुतेक ठिकाणी एकच वाक्य दिसतं : ‘कृपया आपला तपशील डीएम करा.’ फोन नंबर खासगीत मागणं योग्यच. पण काम झालं की नाही हे मात्र उघड्यावर, त्याच कमेंटखाली लिहा. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या बाईने ते वाचलं तर ती तीच तक्रार करणार नाही, तुमचंच काम वाचेल.

हे सगळं करणारा माणूस कोण आहे? बहुधा एखाद्या एजन्सीचा पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी, जिने पत्रकारितेचा किंवा जाहिरातीचा कोर्स केला आहे आणि जिला दिवसभर लोकांचा राग वाचायचा पगार मिळतो. तुमच्या निविदेचं परिशिष्ट उघडून पाहा. महिन्याला किती रील, किती ग्राफिक, किती सणांच्या शुभेच्छा, हे त्यात असेल. किती तक्रारींना उत्तर दिलं, काय लपवलं आणि का, याचा एकही रकाना आहे का? नसेल तर लपवणं हे त्या मुलाच्या दृष्टीने काम संपवण्याचा मार्ग आहे, आणि दोष त्याचा नाही. आणि २६ जुलै २००५ सारखा पाऊस पुन्हा पडला तर त्या रात्री कक्षात कोण बसेल? कुठल्या पुलाखाली पाणी भरलं हे नियंत्रण कक्षाच्या आधी कमेंटमध्ये येतं. त्या रात्री चाळणी लावून झोपलेलं पान नुसतं निरुपयोगी नाही, जिवावर बेतणारं आहे.

माझी मागणी छोटी आहे. कमेंटविषयीची नियमावली तुमच्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. आता सभा आहे. तीत लिहा की संस्थेवरची टीका, कितीही कडवट असली तरी, काढली जाणार नाही. काढलेल्या प्रत्येक कमेंटची नोंद कारणासह राहील, लिहिणाऱ्याला ते कारण कळवलं जाईल, आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद पानावर दिसेल. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ पासून, कलम ४ मध्ये बाधित माणसाला प्रशासकीय निर्णयाची कारणं द्यायची तरतूद आहेच. मी नवीन काही मागत नाही. फेसबुकवर हाइड वापरायचंच असेल तर वैयक्तिक माहितीपुरतं आणि निरोपासह. ब्लॉक फक्त धमकी देणाऱ्यांना आणि तोतयांना, तेही मुदतीपुरतं, आणि त्याविरुद्ध अपील उपायुक्तांकडे. आपत्तीच्या काळात चोवीस तास माणूस. बस.

ठरावाचा मसुदा एका पानात बसतो. हवा असेल तर लिहून देतो, मानधन नको. सभेची तारीख लागायला वेळ लागेल हे जाणतो. तोवर एक गोष्ट उद्या सकाळी करता येईल, तिला मंजुरीही लागत नाही : तुमच्या फेसबुक पानाच्या सेटिंगमध्ये अडवलेल्या शब्दांची जी यादी आहे, ती छापून मागवा आणि स्वतः वाचा. ‘खड्डा’ तीत नसेल अशी आशा आहे.

आपला,
वाचकांची पत्रे पाहणारा एक निवृत्त उपसंपादक